माळ्यावरची ट्रंक उघडण्याआधी

घरातल्या जुन्या कागदांचं सर्वांत जास्त नुकसान दोन गोष्टींनी होतं: ‘ऊन दाखवणं’ आणि लॅमिनेशन. दोन्ही गोष्टी आपण काळजीपोटीच करतो. उन्हाने शाई आणि फोटो उडतात, कागद ठिसूळ होतो. लॅमिनेशनची फिल्म गरम करून चिकटवलेली असते, ती घरी सोलून काढता येत नाही. पणजोबांचं खरेदीखत लॅमिनेट करायला कुणी नेत असेल तर आधी त्यांना थांबवा.

मग कपाट मोकळं करा. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, आणि बाथरूमच्या भिंतीला लागलेलं कपाट ओल धरतं. आतल्या खोलीतलं, जमिनीपासून किमान अर्धा फूट वर असलेलं लाकडी किंवा स्टीलचं कपाट घ्या. हवेतली आर्द्रता साधारण 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, कोकणात पावसाळ्यात आर्द्रता महिनोन्‌महिने याच्या वर असते. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवला की अंदाजाने चालावं लागत नाही. सोबत सिलिका जेल ठेवा, निळं नको, नारिंगी घ्या: निळ्यातलं कोबाल्ट विषारी असतं. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात.

आता ट्रंक. स्वच्छ, कोरडे हात आणि मोठं टेबल हवं. जुन्या कागदांना हातमोज्यांपेक्षा उघडे हात बरे, मोज्यात कडा जाणवत नाही आणि कागद फाटतो. फोटो आणि निगेटिव्हला मात्र मोजे हवेतच. घड्या जोर लावून उघडू नका. मे महिन्यात कोरडा ठणठणीत कागद घडीवरच तुटतो, तोच पावसाच्या अखेरीस हवेतल्या ओलाव्याने थोडा मऊ असतो आणि निमूट उलगडतो. म्हणून जुनी दप्तरं उघडायला सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. पाण्याचा हात मात्र लावू नका: बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेलं मोडी पाण्याने पुसलं जातं.

टाचण्या आणि स्टेपल गंजून कागद खातात. उपसून काढू नका. पातळ प्लास्टिकचा तुकडा पिनेखाली सरकवा, बोथट सुरीने पिनेचे मागचे दोन पाय उभे करा, मग ती पुढून उचला. रबरबँड चिकटून कोळपला असेल तर कागदावर जेवढा राहिला तेवढा राहू द्या. सेलोटेपने फाटलेलं जोडू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कायमचा राहतो.

किडीची शंका असेल, म्हणजे कागदावर बारीक भोकं किंवा खाली भुसा दिसत असेल, तर तो गठ्ठा हवा काढलेल्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव बसतं. काचेच्या निगेटिव्हना हा उपाय करू नका. डांबरगोळ्याही टाळा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात आणि ती आरोग्यालाही वाईट. वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही.

बांधायला मांजरपाट उत्तम. दोन-तीनदा धुवून खळ काढलेला हवा, कारण खळ कसरीला आवडते. प्रत्येक कागद आम्लमुक्त कागदाच्या घडीत ठेवून मगच रुमालात बांधा. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी: त्यांचं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी छाप उमटवतं.

फोटोंचा सर्वांत मोठा वैरी 1980च्या दशकातला चिकट पानांचा अल्बम. फोटो निघत नसेल तर दातांचा फ्लॉस मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा, तोही अडला तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही काचेतूनच स्कॅन करावा. पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या. नावं पाकिटावर, पेन्सिलने. आजी आहे तोवर ‘डावीकडून तिसरी कोण’ हे विचारून घ्या.

स्कॅनिंगला कागद 300 डीपीआय (दर इंचातले ठिपके), फोटो 600, फाइल टिफ (TIFF) प्रकारची. फाइलचं नाव सालापासून सुरू करा: 1936_खरेदीखत_01. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. मोडी वाचून घ्यायचं असेल तर पुण्यात 1910 मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा मोडीचे वर्ग चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडे चौकशी करा. मूळ नव्हे, स्कॅनची प्रत न्या.

पैठणी दर सहा महिन्यांनी नव्या जागी घडी घालून सुती फडक्यात ठेवा. पदकं घासू नका. जून आणि ऑक्टोबरात कपाट उघडून आधी वास घ्या: कुबट वास आला तर बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच धरलेली असते. मग मास्क लावून, घराबाहेर सावलीत, मऊ कुंचल्याने ती झटका आणि तो गठ्ठा बाकीच्यांपासून महिनाभर वेगळा ठेवा.