गाण्याचा व्हिडिओ: आधी काम ठरवा, मग शैली

‘दोन-तीन ड्रोन शॉट, थोडी लव्ह स्टोरी आणि मध्ये ग्रुप डान्स.’ गाण्याच्या व्हिडिओची पहिली मीटिंग बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. व्हिडिओने करायचं काय, ते या यादीत कुठेच नसतं. चार मिनिटांत तीन शैली कोंबल्या की कथा अर्धी राहते, नाच तुकड्यातुकड्यांत दिसतो आणि गायकाचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून कॅमेरा भाड्याने घेण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा: हा व्हिडिओ बघून लोकांनी काय करावं?

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा याचं उत्तर सोपं होतं. लोकांनी दुकानात जाऊन रेकॉर्ड घ्यावी, एवढंच. आता गायक नवा असेल तर त्याचा चेहरा आणि आवाज एकत्र लक्षात राहावेत आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या याव्यात, हे काम असतं. हळदीचं गाणं किंवा कोळीगीत असेल तर लोकांनी त्यावर नाचावं आणि स्वतःचं रील टाकावं. जयंतीचं गाणं किंवा अभंग असेल तर शब्द पाठ व्हावेत. विरहाचं गाणं असेल तर शेवटपर्यंत बघून दुसऱ्याला पाठवावं. यातलं एक काम निवडलं की शैली जवळपास आपोआप ठरते.

चेहरा पोचवायचा असेल तर परफॉर्मन्स व्हिडिओ करा. गायक किंवा बँड, एक चांगली जागा, बाकी काही नाही. कमी पैशात सगळ्यात कमी फसणारा हाच प्रकार. पूर्ण गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सहा ते आठ वेळा शूट करा आणि प्रत्येक वेळी फ्रेम बदला: वाइड, मिड, चेहऱ्याचा क्लोजअप, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, वाद्यांवरचे हात. गाणं चार मिनिटांचं असलं तरी लेन्स बदलणं, घाम पुसणं, लाइट हलवणं धरून एका फेरीला दहा-पंधरा मिनिटं जातात. आठ फेऱ्यांना दोन तास सहज लागतात. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात सगळ्या फेऱ्या उरकू म्हणाल तर पाचव्या फेरीलाच अंधार पडेल आणि एडिटला अर्धे शॉट पिवळे, अर्धे निळे दिसतील. त्या उजेडात फक्त क्लोजअप आणि एक वाइड घ्या. बाकीचं दुपारी सावलीत, उजेड चेहऱ्यावर परतवायला एका बाजूने थर्माकोल लावून उरका.

कथेचा व्हिडिओ दिसायला सोपा आणि करायला सगळ्यात अवघड. गाण्याला संवाद नसतात, वेळ ठरलेला असतो आणि दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द कथेसाठी थांबत नाहीत. मायकेल जॅक्सनच्या १९८३ च्या ‘थ्रिलर’साठी दिग्दर्शक जॉन लँडिस यांना जवळपास १४ मिनिटं लागली, कारण गाणं थांबवून कथेला जागा द्यावी लागली. आपल्याकडे चारच मिनिटं असतील तर दोन पात्रं, एक वस्तू आणि एकच बदल यापलीकडे जाऊ नका. पहिल्या अंतऱ्यापर्यंत कोण कोणाचं कोण ते कळलं पाहिजे, आणि बदल दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या म्युझिक पीसमध्ये घडला पाहिजे, कारण तिथे शब्द आडवे येत नाहीत. फ्लॅशबॅकच्या आत आणखी फ्लॅशबॅक असेल तर तो कागदावरच खोडा.

नाचाच्या गाण्यात हुक स्टेप, म्हणजे गाण्याची ओळख बनणारी स्टेप, हाच खरा नायक. ती आठ मोजण्यांत संपणारी, उभ्या जागी करता येणारी आणि काकूंनाही जमेल इतकी सोपी हवी. ती पहिल्यांदा येईल तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत दाखवा आणि पूर्ण आठ मोजण्या मध्ये कट मारू नका. पायांच्या जागी चेहऱ्याचा क्लोजअप लावला की स्टेप कुणालाच शिकता येत नाही, मग रील कोण करणार?

शब्द पोचवायचे असतील तर ओळी पडद्यावर दाखवणारा लिरिकल व्हिडिओ पुरतो, पण देवनागरी इथे हमखास दगा देते. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, रफार किंवा पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसत असेल, तर सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सखालचं टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’वर करा. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo) चांगले आहेत, दोन्ही फुकट मिळतात. ओळ गायली जाण्याआधी तीन-चार फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं, सेकंदाला साधारण २५) पडद्यावर आणा. वाचणारा गायकाच्या मागे पडला की त्याला शब्द उशिरा आल्यासारखे वाटतात.

अखंड एकाच शॉटचा व्हिडिओ हा हिमतीचा प्रकार. ओके गो या अमेरिकी बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवर नाचत असा व्हिडिओ केला. त्यात महागडं काहीच नव्हतं, खर्च झाला तो सरावाचा. तुम्ही करणार असाल तर जमिनीवर खुणा करा, प्रत्येक खुणेला गाण्यातला शब्द नेमून द्या आणि अवघड जागा सुरुवातीलाच ठेवा. चूक व्हायची तर तिसऱ्या सेकंदाला व्हावी, साडेतीन मिनिटांनी नव्हे.

शैली कोणतीही असो, शूटचा निम्मा ताप प्लेबॅकमध्ये, म्हणजे सेटवर गाणं वाजवून त्यावर ओठ जुळवण्यात असतो. ट्रॅकच्या आधी चार ठोके आणि एक ‘बीप’ घाला, म्हणजे गायकाला कुठून उचलायचं ते कळतं. मुखडा, दोन्ही अंतरे आणि म्युझिक पीस यांच्या वेगळ्या फाइलीही करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या अंतऱ्याच्या एका ओळीसाठी दर वेळी अडीच मिनिटं ऐकत बसावं लागेल. कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवा. तो खराब आवाज फायनलला लागत नाही, पण एडिटमध्ये मूळ ट्रॅकशी जुळवायला त्याच्याइतकी सोय नाही. ट्रॅकची एमपी३ प्रत सेटवर वाजवली तर तिच्या सुरुवातीला किंचित मोकळी जागा आलेली असते. म्हणून फायनल वेव्ह फाइल सुरुवातीच्या टोकाला नव्हे, ठेक्याच्या लाटेला जुळवा.

स्पीकर गायकाजवळ ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ०.०४ सेकंदाची असते. म्हणजे साधारण १४ मीटरवर एक पूर्ण फ्रेम उशीर. किल्ल्याच्या बुरुजावर गायक आणि खाली तळाशी स्पीकर असेल तर ओठ दोन-तीन फ्रेम मागे पडतात आणि ते कुणालाही खटकतं. आणि गायकाला नुसते ओठ हलवू देऊ नका, मोठ्याने गाऊ द्या. गळ्याच्या शिरा आणि श्वास खोटा करता येत नाही.

फोनवर शूट करत असाल तर एक सापळा आहे. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ते कमीजास्त करत राहतो. सुरुवातीला ओठ जुळतात, तिसऱ्या मिनिटाला घसरतात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप घ्या आणि २५ फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंद असं बांधून टाका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर ते दिसत नाही, १/६० ला फ्रेमवरून पट्टे सरकतात.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० फ्रेमने शूट करा, शटर १/१०० ठेवा आणि ट्रॅक दुप्पट वेगाने वाजवा. एडिटमध्ये २५ वर आणलं की हालचाल निम्म्या वेगाची आणि ओठ बरोबर शब्दावर. ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ वापरा, म्हणजे सूर तोच राहतो. ‘चेंज स्पीड’ने आवाज चिरका होतो आणि गायक हसत सुटतो. दुप्पट वेगात मराठी जोडाक्षरं तोंडात बसत नाहीत, तेव्हा संथ गाण्यालाच हे करा. मधला मार्गही आहे: ३० फ्रेमने शूट, शटर १/५०, ट्रॅक १२० टक्के वेगाने. २५ वर आणल्यावर पदर आणि केस जरा जड हलतात, पण बघणाऱ्याला स्लो मोशन आहे हे कळतही नाही. अशा गाण्यांना आम्हाला हाच उपाय जास्त आवडतो.

एडिटला बसण्याआधी गणित करून ठेवा. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे नेमक्या १५ फ्रेमचा. चार ठोके ६० फ्रेम, केरवा तालाच्या आठ मात्रा १२० फ्रेम. टाइमलाइनवर या अंतरांनी मार्कर लावा. मात्र प्रत्येक ठोक्यावर कट मारला तर दहा सेकंदांत डोळे दमतात. शब्द चालू असताना चार किंवा आठ मात्रा एक शॉट ठेवा, म्युझिक पीसमध्ये वेग वाढवा, आणि समेवरचा (तालाच्या पहिल्या मात्रेवरचा) कट एक-दोन फ्रेम आधी द्या. मोजून नेमक्या ठोक्यावर दिलेला कट बघताना उशिरा आल्यासारखा वाटतो. गाण्याआधी बॅनरचे लोगो वीस सेकंद फिरवणं बंद करा. त्यांची नावं शेवटी किंवा डिस्क्रिप्शनमध्ये चालतात.

रीलसाठी उभी प्रत लागणारच, तेव्हा सुरुवातीपासून फोर-के शूट करा. १९२० गुणिले १०८० च्या आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला तर रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात. फोर-के मधून १२१५ मिळतात, म्हणजे उभ्या १०८० ला पुरून उरतात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन उभ्या चिकटपट्ट्या लावून ठेवा. हुक स्टेप त्यांच्या आत राहिली की दोन्ही प्रती एकाच शूटमधून निघतात. खालचा साधारण पाचवा भाग मोकळा सोडा, तिथे नाव आणि कॅप्शन येतं.

परवानग्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, काही किल्ले राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे, तेव्हा आधी किल्ला कोणाचा ते बघा. गोव्यात शूटिंगच्या परवानग्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून मिळतात. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी ते तपासा. हिरव्या भागातही कमाल उंची ४०० फूट आहे.

कव्हर व्हर्जन असेल तर मूळ गाण्याच्या शब्दांचे आणि चालीचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. वाद्यं नव्याने वाजवून घेतली म्हणून पहिले दोन सुटत नाहीत. यूट्यूबवर दावा लागला तर व्हिडिओ राहतो, पण जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, नाहीतर व्हिडिओच बंद होतो. गाणं स्वतःचं असलं तरी गीतकार, संगीतकार, अरेंजर आणि गायक यांच्याकडून शूटआधी लेखी घ्या: कोणाचं नाव कुठे येणार, चॅनल कोणाचं, उत्पन्नातला वाटा किती. तोंडी ठरलेले वाटे गाणं चालायला लागलं की कुणालाच आठवत नाहीत.