रात्री छोट्या विमानातून व्हिडिओ : कॅमेरा बसवताना या चुका टाळा

दिवसा उत्तम चालणारा माउंट, म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा आधार, रात्री दगा देतो आणि खापर फुटतं कॅमेऱ्यावर. खरी मेख शटरमध्ये असते. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमवर (मिनिटाला २४०० फेरे) सेकंदाला ४० फेरे घेतं. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात आणि पंखा थेट इंजिनला जोडलेला असेल तर त्याची दोन पातीही तेवढ्याच वेळा हवा कापतात. म्हणजे सेकंदाला ८० हिसके. उन्हात १/१००० सेकंदाच्या शटरमध्ये एका हिसक्याचा जेमतेम तुकडा सापडतो. रात्री १/५० ला शटर उघडं असताना दीडपेक्षा जास्त हिसके होऊन जातात, आणि लांबच्या दिव्याची रेघ उमटते.

आधी ठिपका वाचा

चित्रीकरण बिघडलं की लगेच नवा माउंट घ्यायला धावू नका. एक फ्रेम थांबवा, तीनशे टक्के मोठी करा आणि एकाच दिव्याकडे बघा. सगळ्या दिव्यांची एकाच दिशेला छोटी, सरळ रेघ झाली असेल तर माउंटचा हात त्या दिशेला वाकतोय. रेघ उभी असेल तर आधार खालून द्या, आडवी असेल तर बाजूने. बारीक कडं किंवा इंग्रजी आठाचा आकार दिसला तर बॉलहेड (कॅमेऱ्याखालचा गोळ्याचा सांधा) किंवा मधला सांधा दोन दिशांना हलतोय. लांब, नागमोडी रेघ ही विमानाच्याच डुलण्याची. तिथे माउंट निर्दोष आहे, शटर मंद आहे. गोल, मऊ चकती म्हणजे फोकस चुकला. फक्त कोपऱ्यांतल्या दिव्यांना पंख फुटले असतील तर तो लेन्सचा दोष. लेन्सचं छिद्र एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं, लहान केलं की बराच कमी होतो. एकाच दिव्याची फिकट जोडी दिसली, तर खिडकीतलं प्रतिबिंब.

काचेवर सगळा भार

सक्शन कप खिडकीवर चिकटवणं ही सर्रास होणारी चूक. छोट्या विमानाची खिडकी बहुधा ॲक्रिलिकची, पातळ आणि चौकटीत थरथरणारी असते. शिवाय कप धरून ठेवतो बाहेरच्या हवेचा दाब, आणि १०,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. थंडीने रबर कडक होतं ते वेगळंच. क्लॅम्प सांगाड्याच्या नळीला किंवा सीटच्या रुळाला लावा, हात जितका आखूड तितका चांगला, आणि दुसऱ्या बाजूने एक टेकू द्या. कॅमेऱ्याला सुरक्षा-दोरी हवीच. खिडकी पुसायला अमोनियाचा क्लीनर, स्पिरिट किंवा ॲसिटोन वापरू नका, ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात. पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरतं.

रबर लावलं, तरी थरथर तशीच

कारण रबर फार कडक आहे. कॅमेऱ्याच्या वजनाने रबर २ ते ३ मिलिमीटर दबलं, तर त्याची स्वतःची डोलण्याची गती सेकंदाला दहाच्या आसपास येते आणि ८० चे हिसके ते बऱ्यापैकी गिळतं. दबलंच नाही, तर कंपन सरळ पलीकडे जातं. काही वेळा वाढूनही जातं. हलक्या ॲक्शन कॅमेऱ्याखाली जाड रबर म्हणूनच निरुपयोगी. तिथे मऊ रबर घ्या, किंवा कॅमेरा जड पट्टीवर बसवून पट्टीखाली चार कोपऱ्यांत रबर द्या. गुरुत्वमध्य चौकोनाच्या मधोमध यायला हवा, नाहीतर कॅमेरा मान टाकतो. आणि चार्जिंगची ताठ वायर विसरू नका, रबराला वळसा घालून तीच कंपन आणते. तिला सैल वेटोळं देऊन सांगाड्याला बांधा.

स्टॅबिलायझेशनवर भिस्त

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन फ्रेम सरकवून चित्र स्थिर करतं, पण शटर उघडं असताना उमटलेली रेघ पुसत नाही. परिणामी स्थिर चौकटीत दिवे क्षणाक्षणाला धूसर-स्पष्ट होत राहतात. पक्क्या माउंटवर ते बंद ठेवा. लेन्समधलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनही बंद. तरंगती भिंगं इंजिनच्या कंपनाने स्वतःच नाचतात. गिंबलची, म्हणजे मोटरने कॅमेरा समतोल ठेवणाऱ्या आधाराची, अडचण निराळी: लांब वळणात त्याला 'खाली' कुठे हेच चुकीचं कळतं आणि क्षितिज हळूहळू कलतं.

काळोखाच्या सेटिंग्ज

मॅन्युअल मोड, एफ/१.८ च्या आसपास छिद्र, १/५०, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० पासून सुरुवात. रुंद लेन्स घ्या, तिच्यात थरथर कमी दिसते. ऑटोफोकस अंधारात चाचपडत राहतो. जमिनीवर असतानाच लांबच्या दिव्यावर हाताने फोकस साधा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. प्रतिबिंबासाठी लेन्सभोवती काळ्या कापडाचा सैल घेर खिडकीपर्यंत न्या. लेन्सचा कडक हूड (पुढची कड) काचेला टेकवला तर तिची थरथर लेन्समध्ये येते. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, काढून ठेवा, तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

उड्डाणाआधी

माउंट वैमानिकाच्या आणि देखभाल अभियंत्याच्या संमतीनेच लावा. सांगाड्याला स्वतःहून भोक पाडू नका. कॅमेरा जागेवर असताना स्टिअरिंग आणि पेडल शेवटपर्यंत फिरवून बघा, दार मोकळं आहे ना तेही. चुंबकी माउंट टाळा. कॅमेरा चालू-बंद करून होकायंत्राची सुई सरकते का ते तपासा. अंधाराला सरावायला डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो आणि स्क्रीनचा एक झोत ते घालवतो. म्हणून स्क्रीन बंद ठेवा आणि कॅमेऱ्याच्या लाल एलईडीवर काळी पट्टी लावा.

मग रेकॉर्डिंग सुरू करून कॅमेऱ्याला बोटाने टिचकी मारा. चित्र सेकंदभरानंतरही हलत असेल तर कुठलातरी सांधा ढिला आहे. शेवटी संध्याकाळी, विमान उभं असताना, वैमानिकाला इंजिन तपासणीत आरपीएम हळूहळू वाढवायला सांगा आणि लांबच्या एका दिव्याचं चित्रीकरण करा. ठरावीक आरपीएमलाच रेघ फुगत असेल तर माउंट त्या गतीला थरारतो. हात बोटभर आखूड करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या.