रब्बीत उंदरांसाठी विष ठेवण्याआधी शिवारातले घुबड शोधा

खरिपाची काढणी उरकली की रानातले उंदीर जागा बदलतात. मोकळ्या वावरात खायला काही उरत नाही, म्हणून ते बांध धरतात आणि तिथून गहू-हरभऱ्याच्या उभ्या पिकात उतरतात. गव्हाची ताटे बुडापाशी तिरकी कापलेली आणि बांधाला ताज्या मातीचे ढिगारे दिसले की हात लगेच विषाच्या पुडीकडे जातो. पुडी फोडण्याआधी आपल्या शिवारात घुबड आहे का ते बघा. असेल, तर विष हा अगदी शेवटचा उपाय समजा.

त्यासाठी रात्र जागवावी लागत नाही. जुनी विहीर, पडके घर, वापरात नसलेले गोदाम, मोठ्या झाडाची ढोली यांच्या खालची जमीन दिवसा तपासा. पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि त्यांच्याजवळ अंगठ्याएवढ्या काळपट, कोरड्या गोळ्या पडलेल्या असतील, तर वर घुबडाचा मुक्काम आहे. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. अशी एक गोळी पाण्यात भिजवून काडीने उकला. केसांच्या गुंत्यातून उंदराची कवटी, जबडा, पिवळे-नारिंगी पुढचे दात सुटे होतात. आपल्या रानात रात्री काय चालते, हे इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. मुलांनाही जरूर दाखवा.

धान्यावर उंदीर जगतो आणि उंदरावर घुबड. साखळीच्या वरच्या टोकाला असल्यामुळे घुबडे मुळातच थोडी असतात आणि एक गेले की जागा लवकर भरत नाही. उंदराची मादी गाभण राहिल्यापासून जेमतेम तीन आठवड्यांत विते. गव्हाणी घुबडाची (पांढरट, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याचे घुबड) मादी साधारण 4 ते 7 अंडी घालते, ती महिनाभर उबवते आणि पिल्ले उडायला पुढे जवळजवळ दोन महिने घेतात. पहिल्या अंड्यापासूनच उबवणी सुरू होत असल्याने पिल्ले लहान-मोठी असतात. भक्ष्य कमी पडले की सर्वांत धाकटे आधी दगावते. पिल्ले घरट्यात असतात तेव्हा जोडी रात्रभर उंदीर वाहते आणि शेतकऱ्याला तिचा सर्वाधिक फायदा याच काळात मिळतो.

म्हणून ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाची चिंता वाटते. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला तो सहज सापडतो आणि त्याच्या शरीरातले विष घुबडाच्या यकृतात साठत जाते.

आधी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती जिवंत बिळे, काम फक्त तिथेच करायचे. बांधावरचे गवत काढा, रुंद बांध शक्य तितके अरुंद करा, सापळे लावा. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी हे केले तरच उपयोग होतो. एवढे करूनही विष लागलेच, तर लेबलवरच्या मात्रेत आमिष जिवंत बिळात खोल सारून तोंड बुजवा. उघड्यावर एक दाणाही सांडू देऊ नका. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

घुबडाला जागा द्यायची असेल तर हा हंगाम चांगला. इस्राएलमध्ये स्दे एलियाहू या वसाहतीने 1983 पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावल्या आणि पुढे तो उपक्रम देशभर पसरला. पेटी साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद-उंच आणि आत जायला सुमारे 15 सेंटिमीटरचे भोक. ती 10 ते 15 फुटांवर, भोक पावसाच्या व दुपारच्या उन्हाच्या उलट दिशेला ठेवून बसवा. तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रे पाडा, खांबाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळा, म्हणजे मांजर चढत नाही. घुबड आठवड्यात येईल अशी आशा धरू नका, पेटी कित्येक महिने रिकामी राहू शकते. मोठी घूसही गव्हाणी घुबडाला सहसा पेलत नाही, तिच्यासाठी सापळाच लागतो.

पिंगळा या छोट्या घुबडाला लहानशी ढोली पुरते. तो नाकतोडे, भुंगे, पतंग आणि छोटे उंदीर खातो. वाळलेले पण ढोलीचे झाड सरपणासाठी तोडण्याआधी ढोलीत नजर टाका. शृंगी घुबड तर ओढ्याच्या दरडीत, उघड्या जमिनीवरच अंडी घालते, त्यामुळे दरड सपाट करण्याआधीही पाहणी करा.

उघड्या हौदात घुबडे बुडतात, त्यात एक फळी तरंगती ठेवा. फळबागेवरची जाळी ताणून बांधा. ढिल्या जाळीत पंख अडकतात.

पिल्लू खाली पडलेले दिसले आणि धडधाकट असले, तर फडक्यात धरून घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. जमिनीवर राहिलेल्या गव्हाणीच्या पिल्लाला मात्र ते बहुधा भरवत नाहीत. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून अंधारात ठेवा, दूध-पाणी तोंडात ओतू नका आणि लगेच वनविभागाला कळवा.