डेंग्यूच्या नकाशावर मिरज कायम लाल का दिसतं?

उपग्रहाचा हवामान डेटा आणि पेशंटची यादी जुळवून डेंग्यूचा अंदाज सांगणारं मॉडेल बांधायचं, हे आमचं क्षेत्र. त्यात येऊ पाहणारी पोरं पहिल्यांदा विचारतात, प्रोग्रॅमिंगसाठी पायथन शिकू की आर? कुठलंही शिका. स्टॅटिस्टिक्सवाले चालतात, भूगोलवालेही. उपग्रहाचा डेटा तर फुकटच मिळतो: पावसाला चर्प्स किंवा आयमर्ग हे डेटासंच, जमिनीच्या तापमानाला मोडिस. पावसाळ्यात ढगांमुळे मोडिसच्या नकाशाला भोकं पडतात, तेवढं सांभाळून घ्यायचं.

खरा घाम काढते ती पेशंटची यादी. सांगली जिल्ह्यातले डेंग्यूचे रुग्ण दवाखान्याच्या पत्त्यानं नकाशावर टाकले, की मिरज लालभडक दिसणारच. जतपासून पार कर्नाटकापर्यंतचे पेशंट तिथं येतात. डास चावला अथणीत आणि नोंद झाली मिरजेत, तर मिरजेच्या पावसाचा या रुग्णाशी संबंध काय? म्हणून पत्ता राहत्या गावाचा घ्या. तारीखही रिपोर्टची नको, ताप आला त्या दिवसाची.

तारखेवर एवढा जोर का? अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस, डासाच्या अंगात विषाणू तयार व्हायला 8 ते 12, आणि चावल्यावर ताप यायला 4 ते 10. म्हणजे आजचा ताप किमान तीन-चार आठवड्यांमागच्या पावसाशी जुळवायचा. त्यात जास्त पाऊस म्हणजे जास्त डेंग्यू, असंही नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2025 साली पुण्याबद्दल जो अभ्यास छापला, त्यात आठवड्याला 150 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू उलट कमी होतो, असं निघालं.

साताऱ्यात आणखी एक पंचाईत. आयमर्गच्या नकाशातला एक चौकोन, ज्याला पावसाचा एकच आकडा मिळतो, तो साधारण 11 किलोमीटरचा. महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. घाटातला चौकोन नक्की कुणाचा पाऊस सांगतोय, हे पर्जन्यमापकाशी ताडून बघा.

आणि माण, जत, आटपाडी? तिथं आकाशातून सगळं कोरडं दिसतं. पण नळाला रोज पाणी नाही, म्हणून दारात बॅरल भरलेले. एखाद्या आशाताईंबरोबर कंटेनर सर्व्हेला, म्हणजे घरोघरी साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधायला जा. बॅरलमध्ये बॅटरी मारली की वर लटकलेल्या अळ्या वळवळत तळाला पळतात. एवढं बघितलं की पाणी किती दिवसांनी येतं, हा कॉलम तुम्ही आपणहून मॉडेलमध्ये घालाल. तो कुठल्याच उपग्रहाकडे नाही, ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारावा लागतो.