बर्फ कमी, ऊन मस्त, मग काय टेन्शन? हिमालयात जाताना या चुका टाळा

मनाली, गुलमर्ग नाहीतर केदारकंठाला निघालेल्या आपल्या पुण्या-मुंबईच्या ग्रुपमध्ये हे हमखास ऐकू येतं, "यंदा थंडीच नाहीये, बर्फ पण कमी पडलाय, हिमस्खलन कुठून होणार?" सगळ्यात मोठी चूक हीच. पातळ थर कोरड्या हवेत आठवडेच्या आठवडे पडून राहिला की खालच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात, एकमेकांना धरतच नाहीत, आणि मग वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळ्यातली पाऊस-बर्फाची प्रणाली, आली की दोन-तीन फूट नवा बर्फ नेमका त्याच दाण्यांवर येऊन बसतो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग बोडकं पडलं होतं, फोटो बघितलेच असतील, फेब्रुवारीत दणकून बर्फ झाला आणि त्याच महिन्यात तिथे एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेला.

दुसरं, मोबाईलवर दुपारचं तापमान बघून खूश होणं. एकतर ते खालच्या गावाचं असतं, आणि बघायची असते रात्र. आभाळ मोकळं असेल तर वरचा बर्फ रात्री पुन्हा गोठून घट्ट होतो, ढग असतील किंवा पाऊस झाला तर गोठतच नाही, मग सकाळी सहालासुद्धा उतार कच्चाच.

आणि नाश्ता, चहा, ग्रुप फोटो करत साडेनऊला निघणं, हे तर आपलं खासच! पहाटे बूट ठेवला तर नुसता कर्रकर्र आवाज येतो, पाय रुतत नाही, अकराच्या सुमारास तोच बूट घोट्यापर्यंत जातो आणि स्पाइक्सखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटायला लागतात. पाय गुडघ्यापर्यंत जायला लागला, वरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत यायला लागले किंवा पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला की समिट राहू द्या, तिथून निघा. पूर्वेकडचे आणि दक्षिणेकडचे उतार आधी तापतात, ते आधी पार करा, एकेकाने, अंतर ठेवून.

बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, पण तुम्ही सपाटीवर आहात म्हणून वाचलात असं नाही, डोक्यावर काय आहे ते बघा. सिक्कीममध्ये नाथूलाच्या रस्त्यावर 4 एप्रिल 2023 ला भर दुपारी सात पर्यटक गेले, तेही ट्रेकर नव्हते, परमिट तेराव्या मैलापर्यंतचं आणि माणसं पंधराव्या मैलावर. ड्रायव्हर म्हणाला "चलो ना, कुछ नहीं होता" तरी परमिटच्या पुढे जाऊ नका.

गाडलं गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं हातात असतात, नंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते, म्हणजे रेस्क्यू टीमची वाट बघण्यात अर्थ नाही, शोधायचं सोबतच्यांनीच. म्हणून ट्रेकवाल्याला पैसे भरायच्या आधी विचारा की बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं देता का, आणि डीजीआरईचं, म्हणजे डीआरडीओच्या चंडीगडच्या लॅबचं, हिमस्खलन बुलेटिन निघायच्या आधी कोण बघतं. "आमचा गाईड लोकल आहे" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा ट्रेकवाला बघा.