वापरलेल्या सेलमधून धातू मिळवायचाय? या चुका टाळा

टॉर्चचा संपलेला सेल दगडाने ठेचून आतली काळी कांडी काढणं हा आमच्या गल्लीतल्या पोरांचा उद्योग होता. कांडी कार्बनची, बाहेरचा डबा जस्ताचा आणि हात काळे करणारा मसाला मँगनीज डायऑक्साइडचा, हे पुढे शाळेत कळलं. आता तीच हौस मोठी माणसं व्हिडिओ बघून मोबाइलच्या बॅटरीवर भागवतात. खरा धोका तिथे आहे.

लिथियम-आयन बॅटरीत दोन पट्ट्यांच्या मध्ये केसापेक्षा पातळ पडदा असतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यातून गेलं की आतल्या आत शॉर्ट होतो आणि बॅटरी पेट घेते. आतल्या द्रावातल्या क्षाराला ओल लागली तर हायड्रोजन फ्लोराइड हा जहाल वायू सुटतो. बरं, हाती काय येतं? तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. ज्यासाठी खटाटोप, तो कोबाल्ट ॲल्युमिनियमवरच्या काळ्या थरात, तोही जेमतेम काही ग्रॅम. तो सुटा करायला आम्ल आणि एकामागून एक रासायनिक पायऱ्या लागतात. इथे सोनारानेच कान टोचावेत.

आपल्या हातातलं काम वेगळं आहे: सेल निवडून ठेवणं. सगळे एकाच पिशवीत कोंबले की कारखान्यात ते पुन्हा निवडावे लागतात. जस्ताच्या सेलमध्ये एखादा लिथियमचा राहून गेला, तर भट्टीत किंवा दळताना आग लागू शकते. घड्याळाच्या बटण सेलवरची अक्षरं भिंगातून वाचा. ‘एसआर’ असेल तर आत चांदीचा ऑक्साइड. हे वेगळ्या डबीत जपून ठेवा. ‘एलआर’ म्हणजे साधा अल्कलाइन, ‘सीआर’ म्हणजे लिथियम. दिसायला तिन्ही भावंडं! रिमोटच्या पेन्सिल सेलमध्ये जस्त आणि मँगनीज, त्याला भाव फारसा नाही. रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये निकेल असतं.

डबीत टाकण्याआधी लिथियमच्या, बटण आणि ९ व्होल्टच्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. ‘संपलेल्या’ सेलमध्येही थोडी धुगधुगी असते. ९ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं तर शेजारीशेजारीच असतात, शॉर्ट व्हायला एक किल्ली पुरते.

मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी ‘थंड’ करण्याचा, म्हणजे उरलासुरला चार्ज काढण्याचा सल्ला ऐकू नका. टोकं गंजतात, सील सुटतं आणि ते पाणी शेवटी मोरीतच जातं. फुगलेली बॅटरी दाबू नका, चार्जही करू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि लवकर पोचती करा.

सेल गळून रिमोटमध्ये पांढरी पूड जमली? अल्कलाइन असेल तर ती क्षारधर्मी असते. हातमोजे घालून व्हिनेगर किंवा लिंबाच्या थेंबात बुडवलेल्या कापसाने पुसा. साधा जस्त-कार्बन सेल गळला तर उलट आम्लधर्मी, तिथे खाण्याचा सोडा.

द्यायचं कुठे? २००१ चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या नियमांनी घरगुती सेलही गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राची किंवा पालिकेच्या ई-कचरा संकलनाची चौकशी करा. ओल्या-सुक्या कचऱ्यात सेल टाकू नका. आणि बटण सेलची डबी उंचावर ठेवा. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, म्हणून वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.