रिसॉर्टमध्ये काम चालू आणि तुमची सुट्टी तोंडावर? टाइमशेअरवाल्यांनो, या चुका टाळा

‘तिथे तोडफोड चालू आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!’ टाइमशेअर (म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचा दरवर्षीचा ठरावीक काळ) विकत घेतलेल्या ओळखीच्या माणसांकडून हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. थोडं खोदून विचारलं की कळतं, त्यांनी विचारलंच नव्हतं. किंवा विचारलं होतं, पण चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या शब्दांत. वर्षभर मेंटेनन्स फी भरायची, रजा जुळवायची, मुलांच्या परीक्षा सांभाळायच्या आणि शेवटी सात दिवस फरशी फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज ऐकायचा, हे मला बघवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हॉटेलला मोठं काम काढायचं असेल तर मालक चार महिने दार बंद ठेवू शकतो. टाइमशेअर रिसॉर्टला हे सहसा जमत नाही, कारण तिथल्या खोल्या आठवड्याआठवड्याने आधीच विकलेल्या असतात. वर्षाचे ५२ आठवडे. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक युनिटचे ५१ आठवडे विकतात आणि एक देखभालीसाठी राखून ठेवतात. त्या एका आठवड्यात गळके नळ, भिंतीचा रंग, फाटलेला सोफा एवढंच उरकतं. बाथरूम फोडून नवं करायचं असेल तर आठवडा पुरत नाही. मग एक इमारत रिकामी करायची, तिच्यातल्या लोकांना दुसरीकडे बसवायचं, ती झाली की पुढची घ्यायची, असं टप्प्याटप्प्याने काम चालतं. म्हणजे रिसॉर्ट चालू आणि कामही चालू, दोन्ही एकाच वेळी. बुकिंग मिळालं म्हणजे काम नाही, असं धरून चालणारे इथेच फसतात.

‘रिनोव्हेशन चालू आहे का?’ एवढंच विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक. ती मी स्वतः केली आहे.

त्या वर्षी आम्ही सातजण होतो. आई, ताई, भावोजी, त्यांची दोन मुलं, मी आणि नवरा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि तिला समुद्र बघायचा होता. मी बुकिंगच्या मध्यवर्ती नंबरवर फोन केला आणि सरळ विचारलं, ‘रिनोव्हेशन चालू आहे का?’ उत्तर आलं, ‘नाही मॅडम, रिनोव्हेशन मागच्याच महिन्यात पूर्ण झालं.’ मी निर्धास्त झाले. लिफ्ट आहेच, म्हणून समुद्राच्या बाजूची चौथ्या मजल्यावरची खोली मागून घेतली.

पोचलो तर आमच्या विंगची लिफ्ट बदलायला काढलेली. दारावर फळ्या ठोकलेल्या. पूल रिकामा, त्यात दोन माणसं ब्रेकरने टाइल्स उखडत होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवणाची तेवढी सुट्टी. फ्रंट डेस्कवरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘रिनोव्हेशन झालं, मॅडम. हे मेंटेनन्सचं काम आहे.’ आणि खरोखर तसंच होतं. खोल्यांचं काम एका खात्यात होतं, लिफ्ट आणि पूल दुसऱ्या खात्यात. फोनवरचा माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर ‘रिनोव्हेशन’ या शब्दापुढे ‘पूर्ण’ असं लिहिलेलं होतं.

आई पहिले दोन दिवस सकाळी एकदा उतरली आणि संध्याकाळी एकदा चढली, प्रत्येक वळणावर टेकत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘तुम्ही जा, मी इथेच बसते.’ गॅलरीचं दार उघडलं की धूळ आत यायची, त्यामुळे समुद्र तिने काचेतूनच पाहिला. दुसरी खोली मिळेना, कारण दुसरी इमारत आधीच हलवलेल्या लोकांनी भरली होती.

तेव्हापासून मी ‘रिनोव्हेशन’ हा शब्दच वापरत नाही. मी विचारते: माझ्या तारखांना कोणकोणत्या इमारतीत माणसं कामाला असतील? काय बंद असेल: लिफ्ट, पूल, पार्किंग, लॉबी, गॅलरी? कामाच्या वेळा काय, शनिवार-रविवार काम असतं का? फोडकाम आहे की रंगकाम? आणि मला मिळणाऱ्या खोलीच्या गॅलरीतून त्या आठवड्यात काय दिसेल? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण तो विचारला की समोरचा माणूस स्क्रीनवरून नजर काढून खिडकीबाहेर बघतो. तिथूनच खरी माहिती सुरू होते.

हे प्रश्न मध्यवर्ती नंबरवर विचारून उपयोग नाही. थेट रिसॉर्टला फोन लावा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. शनिवार-रविवारी चेक-इनची झुंबड असते, तेव्हा कुणी धड बोलत नाही. मेंटेनन्स किंवा हाउसकीपिंगच्या प्रमुखाशी बोलायला मागा. त्यांना वेळापत्रक पाठ असतं आणि लपवण्यात त्यांना काही रस नसतो. बोलणं झालं की तेच मुद्दे मेलवर लिहून पाठवा आणि ‘हे बरोबर आहे ना?’ एवढं विचारा. दोन ओळींचं लेखी उत्तर पुढे फार कामाला येतं.

सगळी कामं एकाच मापाने मोजणं

या धंद्यात दोन शब्द चालतात: सॉफ्ट गुड्स आणि हार्ड गुड्स. पडदे, गाद्या, कार्पेट, सोफ्याचं कापड हे सॉफ्ट. बाथरूम, फरशी, ओटा, कपाटं हे हार्ड. सॉफ्ट काम चालू असेल तर खुशाल जा. कॉरिडॉरमध्ये गाद्यांची चळत दिसेल, एवढंच. हार्ड काम असेल तर त्या इमारतीत राहू नका. ‘दोन मजले वर खोली देतो’ यावर समाधान मानू नका. ड्रिल आणि ब्रेकरचा हादरा हवेपेक्षा स्लॅब आणि खांबांमधून जास्त जातो. दोन मजल्यांनी तो थांबत नाही, वेगळ्या इमारतीने बराचसा थांबतो. सगळ्यात वाईट म्हणजे बाहेरच्या भिंतींची आणि गॅलऱ्यांची दुरुस्ती. परांची बांधलेली, हिरवी जाळी लावलेली, गॅलरीला कुलूप, खिडकीबाहेर माणसं. समुद्राकाठच्या रिसॉर्टना हे काम पुन्हा पुन्हा काढावं लागतं, कारण खारी हवा काँक्रीटमधल्या सळया गंजवते.

याची दुसरी बाजू म्हणजे काम आहे असं कळताच सगळंच रद्द करून टाकणारे लोक. तेही चुकतातच. पुढच्याच वर्षी आम्ही त्याच रिसॉर्टला गेलो. तेव्हा मागच्या इमारतीला परांची होती. मी पुढच्या इमारतीतली तळमजल्याची खोली लेखी मागून घेतली. दिवसभरात कुठेतरी लांबून ठकठक ऐकू यायची, तेवढीच. आई दिवसातून तीनदा पाण्यापर्यंत जाऊन यायची.

काम संपण्याच्या तारखेवर विसंबणं

‘काम १५ तारखेला संपतंय, आमचं बुकिंग १७ चं, म्हणजे कोऱ्या खोलीत पहिले आपणच!’ असं कुणी उत्साहाने सांगितलं की मला काळजी वाटते. नव्याने टाइमशेअर घेतलेल्या लोकांना ही घाई फार असते. त्यांचा उत्साह मला कळतो, पण ही घाई महागात पडते.

ती तारीख म्हणजे कंत्राटदाराची इच्छा असते. सिमेंटचं काम आपल्या वेळेने पक्कं होतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, त्याला कारण आहे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून निदान २४ तास ठेवून बघावं लागतं. गळलं तर उखडून परत. बाहेरचा रंग पावसात थांबतो. नव्या लिफ्टची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत ती नुसती उभी असते. एका ट्रकभर कपाटांना उशीर झाला की अख्खा मजला अडतो. यातली दोन कारणं जरी एकत्र आली तरी महिना जातो.

आणि समजा, वेळेवर संपलं. तरी पहिल्या आठवड्यात राहणारा माणूस हा त्या खोलीचा परीक्षक असतो. माझी एक मैत्रीण अशाच कोऱ्या खोलीत गेली होती. शॉवरच्या गरम-गार पाण्याच्या लाइनी उलट जोडलेल्या, कपाटाचं दार फ्रिजवर आपटायचं, वाय-फायचा पत्ता नाही. हे सगळं तिने हसून सोडून दिलं असतं. पण व्हार्निश आणि चिकटद्रव्याच्या वासाने तिच्या मुलाचा दमा उसळला आणि दुसऱ्या रात्री त्यांना बाहेर दुसरीकडे पैसे भरून राहावं लागलं. नवा रंग, नवं प्लायवूड, नवं कार्पेट यांतून बाहेर पडणारे वायू सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यात जास्त असतात आणि हवा खेळती राहिली की हळूहळू कमी होतात. बंद एसीच्या खोलीत ते लवकर जात नाहीत. घरात लहान मूल, दमेकरी किंवा गरोदर बाई असेल तर कोरी खोली मागूच नका.

माझा नेम असा: जाहीर तारखेच्या पुढे आठ आठवडे सोडायचे. काम पूल किंवा लिफ्टचं असेल तर तीन महिने. याला कुठलं शास्त्र नाही, अनेक वर्षं वाट पाहून बसलेली सवय आहे.

एकदा बुक केलं की परत न बघणं

बुकिंग फार आधी उघडतं आणि कामाचं वेळापत्रक उशिरा ठरतं, ही खरी अडचण आहे. डिझ्नी व्हेकेशन क्लब या टाइमशेअर क्लबचं उदाहरण घ्या. तिथे आठवड्याऐवजी दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते खर्चून मुक्काम बुक करायचा असतो. तिथे आपल्या होम रिसॉर्टसाठी (म्हणजे जिथली मालकी घेतली त्या रिसॉर्टसाठी) ११ महिने आधी आणि इतर रिसॉर्टसाठी ७ महिने आधी बुकिंग खुलं होतं. ११ महिन्यांपूर्वी कंत्राटदार कोणत्या आठवड्यात कोणत्या मजल्यावर असेल हे कुणालाच नक्की माहीत नसतं. म्हणून मी तीनदा विचारते: बुक करताना, ९० दिवस आधी आणि ३५ दिवस आधी. पस्तीसच का, तर रद्द करण्याची मुदत अजून हातात असते. त्याच क्लबमध्ये मुक्कामाला ३० किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना रद्द केलं तर पॉइंट होल्डिंगमध्ये, म्हणजे वेगळे राखून, ठेवले जातात आणि मग बुक करण्याच्या दिवसापासून फक्त पुढच्या ६० दिवसांतल्या मुक्कामालाच वापरता येतात. तुमच्या क्लबची मुदत वेगळी असेल. ती शोधा आणि कॅलेंडरवर तिच्या पाच दिवस आधीची खूण करा. परतावा न मिळणारी विमानाची तिकिटं या तिसऱ्या फोननंतर काढा. तिकीट थोडं महाग पडेल, पडू द्या.

एक्स्चेंजमध्ये सहज मिळालेला आठवडा

एक्स्चेंज म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टचा घेणं. ते जुळवून देणाऱ्या कंपन्यांपैकी आरसीआय १९७४ साली सुरू झाली, इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ साली. तेव्हापासून लोक आठवड्यांची अदलाबदल करत आले आहेत. एरवी हाती न लागणाऱ्या रिसॉर्टच्या खोल्या अचानक ढिगाने दिसू लागल्या तर आधी थांबा. मोठी कामं मुद्दाम मंदीच्या हंगामात काढतात आणि ज्यांना कामाची कुणकुण लागते ते मालक आपला आठवडा एक्स्चेंजला टाकून मोकळे होतात. इंटरव्हलच्या फ्लेक्सचेंज या ऐनवेळच्या अदलाबदलीच्या सोयीत प्रवासाच्या ५९ दिवस आधीपासूनचे उरलेसुरले आठवडे मिळतात. तिथे हात मारताना ही शंका आधी मनात असू द्या. कन्फर्मेशनवरच्या बारीक अक्षरातल्या सूचना शेवटपर्यंत वाचा. पूल बंद असल्याचं बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

सभेचं इतिवृत्त न वाचणं

मालक म्हणून तुमच्या हातात सगळ्यात भक्कम कागद हाच आहे आणि तोच कुणी वाचत नाही. वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि बजेट यांत राखीव निधीतून पुढच्या वर्षी काय काढणार हे आलेलं असतं: छत, लिफ्ट, खोल्या. काम सुरू व्हायच्या कितीतरी महिने आधी ते कळतं. राखीव निधी कमी पडला की स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी लागते. ती भरली म्हणजे आपली खोली लगेच नवी होणार, हाही गैरसमज. तुमची इमारत शेवटच्या टप्प्यात असेल तर आणखी दोन वर्षंही जाऊ शकतात. टप्प्यांचा क्रम लेखी मागा. फिक्स्ड वीक, म्हणजे दरवर्षी तोच आठवडा, असणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांना तारीख हलवता येत नाही. फार तर इमारत बदलून मिळते, आणि तीही आधी मागितली तरच.

आणखी काही, थोडक्यात

रिसॉर्टचे जाहिरातीतले फोटो बघून ठरवू नका. लोकांनी गेल्या सहा आठवड्यांत टाकलेले फोटो तारखेनुसार लावून बघा.

‘काम चालू आहे, म्हणून सवलत देतो’ असं कुणी म्हणालं तर आधी काम बघा, मग सवलत. स्वस्त म्हणून घेतलेल्या सुट्टीत झोप मिळत नसेल तर ती घेऊच नये.

पुढच्या वर्षीचे पॉइंट उसने घेऊन अनिश्चित तारखेचं बुकिंग करू नका. रद्द झालं तर उसने घेतलेले पॉइंट मागे फिरतीलच असं नाही.

खोली बदलून हवी असेल तर सामान उघडण्याआधी, पहिल्या तासात मागा. रात्री दहाला मागितली तर डेस्कवर निर्णय घेणारा माणूस नसतो.

आणि तक्रार चेक-आउटच्या रांगेत उभं राहून करू नका. पहिल्याच दिवशी फोटो काढा, वेळ टाकून लेखी द्या, जुनं मेलवरचं उत्तर सोबत जोडा आणि मॅनेजरची पोच घ्या. त्या चौथ्या मजल्याच्या वेळी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून मला सहानुभूतीपलीकडे काही मिळालं नाही. नंतर एकदा कबूल केलेली इमारत बदलली गेली, तेव्हा ते दोन ओळींचं लेखी उत्तर समोर ठेवलं आणि अर्ध्या तासात शांत बाजूच्या खोलीची किल्ली हातात आली.